घरापुढचा रस्ता आपला नाही, गेट मात्र आपलं: छोट्या शहरातलं पार्किंग, मोजणीपासून चलानपर्यंत

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी पावणेसातला आमच्या गेटसमोर छोटा हत्ती टेंपो लावलेला होता, मागं झेंडूचे क्रेट, काचेवर ना नाव ना नंबर, आणि मला आईला उपाशीपोटी रक्त तपासायला न्यायचं होतं. पंधरा मिनिटं हॉर्न वाजवल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीतनं एकजण चहाचा कप घेऊनच आला. म्हटलं, दादा, गेट दिसत नाही का? तर म्हणाला, "रस्ता सरकारी आहे साहेब."

मी जाम चिडलो होतो. पण नंतर कागद चाळताना कळलं की तो बरोबर बोलत होता, रस्ता सरकारीच आहे. आणि मीपण बरोबर होतो, कारण गेट अडवणं हा वेगळा गुन्हा आहे, रस्ता कुणाचा का असेना. आपल्याकडं पार्किंगची निम्मी भांडणं ह्या एकाच गोंधळातनं होतात, एकजण मालकीचं बोलतो, दुसरा वाटेचं, आणि दोघांना वाटतं आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

मी वकील नाही. वर आम्ही राहतो, मागच्या खोल्यांत एक भाडेकरू, खाली दोन गाळे, असा साधा घरमालक आहे. गेल्या काही वर्षांत नगरपालिका, वाहतूक शाखा आणि भूमी अभिलेख ह्या तिन्हीकडं एवढे हेलपाटे घातलेत की आता गल्लीतले लोक मलाच विचारायला येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे नगरपालिका असलेल्या गावांसाठी धरा, म्हणजे कराड, फलटण, संगमनेर, बार्शी ह्या मापाची गावं. तुमच्याकडं महापालिका असेल (इचलकरंजीची २०२२ ला झालीच की) तर सीओ साहेबांच्या, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांच्या, जागी आयुक्त वाचा, बाकी बरंचसं तेच. माथेरानवाल्यांनी मात्र वाचायची गरज नाही, त्यांच्याकडं गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात.

आधी बघा जमीन कुणाची आहे

कुठलाही अर्ज करायच्या आधी हे काम करा, नाहीतर पुढचं सगळं हवेत जातं. घरापुढच्या जागेचे साधारण तीन प्रकार पडतात. एक, सरळ सार्वजनिक रस्ता. दोन, तुमच्या प्लॉटमधलीच जागा, जी बांधकाम परवानगीच्या वेळी सामासिक अंतर म्हणून मोकळी सोडली. आणि तीन, सगळ्यात घोळाची, म्हणजे जी पूर्वी तुमची होती पण रस्ता रुंदीकरणात नगरपालिकेला दिली, कदाचित आजोबांनी, कदाचित बिल्डरनं एफएसआय किंवा टीडीआरच्या, म्हणजे जादा बांधकामाच्या हक्काच्या, बदल्यात, आणि आता घरात कुणालाच आठवत नाही. लोक बिनधास्त त्याच्यावर फरशी टाकून गाड्या लावतात आणि मग अतिक्रमणवाले आले की बोंबाबोंब.

कागद तीन काढायचे. सिटी सर्व्हे झालेला भाग असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, त्याच्यावर क्षेत्रफळ असतं. दुसरा, घराचा मंजूर नकाशा, तुमच्याकडं नसेल तर नगरपालिकेच्या बांधकाम विभागात अर्ज करून नक्कल मागायची. तिसरा, विकास आराखड्याचा (डीपीचा) भाग नकाशा आणि झोन दाखला, त्यावरनं तुमच्यासमोरचा रस्ता कागदावर किती मीटरचा धरलाय ते समजतं. प्रत्यक्षात सहा मीटर आणि डीपीत नऊ मीटर असं खूप ठिकाणी आहे, आणि ती मधली तीन मीटर कुणाच्या कंपाउंडच्या आत आहेत हे शेजाऱ्याला विचारू नका, तो खरं सांगणार नाही.

तरी वाद मिटत नसेल तर भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज. फी भरायची, तारीख मिळते, मोजणीदार येतो, लगतच्या लोकांना नोटिसा जातात. वेळ लागतो. पण एकदा 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो, हे मी स्वतः बघितलंय.

मोजणीवाला यायच्या आधी घरचा टेप घेऊन स्वतः एकदा रस्ता मोजा, डोळे उघडतात. आमची गल्ली भिंत ते भिंत सहा मीटर. स्विफ्टसारखी गाडी साधारण पावणेदोन मीटर रुंद. दोन्ही बाजूला एकेक लागली की साडेतीन गेले, उरले अडीच. अग्निशामक बंब जवळपास तेवढाच रुंद असतो, वर त्याचे आरसे. शिवाय कोण भिंतीला चिकटून गाडी लावतं, वीतभर जागा सोडतातच. म्हणजे दोन्ही बाजूला पार्किंग असताना आमच्या गल्लीत बंब येऊच शकत नाही. हे गणित मी कागदावर काढून अर्जाला जोडलं, त्या अर्जाचं पुढं सांगतो.

घरमालकाला नक्की काय मिळतं आणि काय नाही

घरासमोरच्या रस्त्यावर गाडी लावायचा खास हक्क तुम्हाला नाही. घरपट्टी भरता म्हणून नाही, तीस वर्षं लावताय म्हणूनपण नाही. परदेशात रहिवाशांना स्टिकर देतात, राखीव जागा देतात असं भाचा सांगतो, आपल्या छोट्या शहरांत तो प्रकार जवळपास नाहीच. जो आधी येईल तो लावेल, फक्त तिथं लावायला बंदी नसली पाहिजे.

पण गेटमधनं आत-बाहेर करायचा मार्ग मोकळा राहिला पाहिजे, हे मात्र पक्कं आहे. २०१७ ची जी मोटार वाहन चालवण्याची नियमावली आहे केंद्राची, तिच्यात गाडी कुठं लावायची नाही ह्याची यादीच आहे: फुटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, चौकाच्या तोंडाशी, बसस्टॉपजवळ, शाळा-दवाखान्याच्या दाराशी, दुसऱ्या लावलेल्या गाडीच्या बाजूला डबल, आणि कुठल्याही मिळकतीच्या प्रवेशाच्या किंवा बाहेर पडायच्या वाटेसमोर. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ आहे, सार्वजनिक जागी दुसऱ्यांना धोका, अडथळा किंवा त्रास होईल अशी गाडी सोडायची नाही. म्हणजे गेटसमोर बोर्ड असो नसो, गाडी लावणं चूकच.

मग आपण लोखंडवाल्याकडनं जो "नो पार्किंग" बोर्ड करून लावतो, "गाडी लावल्यास हवा सोडली जाईल" वगैरे, त्याला कायद्याची किंमत शून्य. समोरच्याला गेट दिसावं एवढाच उपयोग. आणि हवा सोडू नका हो. खरंच सोडू नका. व्हॉल्व काढणं, वायपर वाकवणं, नाण्यानं ओरखडा मारणं हे सगळं नुकसान करणं ह्यात मोडतं आणि मग तक्रारदार तुम्ही असताना आरोपी तुम्हीच होता, वर आता प्रत्येक दुकानाला सीसीटीव्ही आहे.

दुसरी सवय म्हणजे रस्त्यावर जागा अडवणं. चुना मारलेले दगड, सिमेंट भरलेले डबे, त्यात उभा केलेला पाइप, तुळशीच्या नावाखाली मोठ्ठी कुंडी, जुने टायर. हे अतिक्रमण आहे, नगरपालिका केव्हाही उचलू शकते आणि रात्री कुणी बाइकवाला धडकला तर अडचणीत तुम्ही. रस्त्यात अडथळा केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, जुन्या आयपीसीत तो फक्त २०० होता. हे कलम जसं गेट अडवणाऱ्या टेंपोला लागू शकतं तसं तुमच्या कुंडीलापण.

गेटसमोरचा उतार हा पण घोळ. रस्ता दरवर्षी डांबर टाकून वर येतो, घर खाली राहतं, मग आपण गटारीवर स्लॅब टाकून रस्त्यावर दोन फूट उतार काढतो. आमचा उतार गटारीच्या कामात जेसीबीनं एका दुपारी उखडला, ना नोटीस ना काही, भांडायला गेलो तर अभियंता म्हणाले परवानगी दाखवा. नव्हती. अर्ज करून परवानगी घेतली असती तर निदान पुन्हा करून द्या असं म्हणता तरी आलं असतं. तर उतार करायचा असेल तर आधी बांधकाम विभागाला अर्ज, आणि उतार शक्यतो गेटच्या आतल्या बाजूला घ्या. गटारीवर कायमचा स्लॅब नको, लोखंडी जाळी ठेवा, साफ करता येते.

गेटसमोर गाडी लागली, आता काय

पहिलं, मोबाइल काढा. तीन फोटो घ्या: एक नंबर प्लेटचा, एक गाडी आणि गेट दोन्ही एकत्र दिसतील असा लांबून, आणि एक दहा-पंधरा मिनिटांनी परत, म्हणजे पाच मिनिटांसाठीच थांबलो होतो हे म्हणता येत नाही. फोटोत घराचा नंबर आला तर उत्तम.

दुसरं, माणूस शोधा. आजूबाजूच्या दुकानात विचारा, दहातल्या आठ वेळा गाडी तिथल्याच गिऱ्हाइकाची असते. आवाज न चढवता बोला. "तात्या, गाडी जरा पुढं घेता का, आईला दवाखान्यात न्यायचंय" म्हटलं की माणूस उठतो, "कुणाची आहे रे ही" म्हटलं की बसून राहतो.

तिसरं, नाहीच आला तर वाहतूक शाखेला फोन, नाहीतर ११२. तालुक्याच्या गावात वाहतुकीला मोजकेच कर्मचारी असतात, बाजाराच्या दिवशी तर ते सगळे स्टँडपाशी, त्यामुळं लगेच येतील ही अपेक्षा ठेवू नका, पण फोन केल्याची नोंद होते ती महत्त्वाची.

चौथं, तीच गाडी परत परत लागत असेल तर लेखी अर्ज, पोलीस ठाण्याला आणि एक प्रत नगरपालिकेला. तारखा आणि फोटो जोडायचे. आणि आवक-जावकला शिक्का मारून पोच घ्यायची, पोच नसलेला अर्ज म्हणजे अर्ज केलाच नाही असं समजा. गाडी बेकायदा जागी लावली असेल किंवा सार्वजनिक जागी दहा तासांहून जास्त बेवारस सोडली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ खाली ती उचलायचा किंवा चाकाला जॅमर लावायचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि उचलायचा खर्च दंडाशिवाय वेगळा मालकाकडनं. हे कलम अर्जात लिहा. आकडा दिसला की अर्ज जरा नीट वाचला जातो, हा माझा अनुभव.

गल्लीत नो पार्किंग किंवा सम-विषम पाहिजे असेल तर

हे एकट्याचं काम नाही आणि नगरसेवकानं बोर्ड लावून दिला म्हणून होतपण नाही. नो पार्किंग, एकेरी मार्ग, सम-विषम तारखेचं पार्किंग ह्या सगळ्यासाठी अधिसूचना लागते. कुठली जागा पार्किंगची आणि कुठली नाही हे ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्यात राज्य सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे (कलम ११७), तेही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. जिल्ह्यात ह्या अधिसूचना जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांच्या सहीनं निघतात. नगरपालिका ठराव करते, पट्टे मारते, बोर्ड लावते. म्हणजे दोन टेबलं आहेत, आणि प्रत्येक टेबल तुम्हाला दुसऱ्याकडं पाठवणार हे गृहीत धरूनच निघा.

आम्ही केलं ते असं. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या सह्या घेतल्या, आणि दुकानदारांच्यापण, कारण ते विरोधात गेले की संपलं. दुकानदारांना भीती गिऱ्हाईक तुटायची, म्हणून पूर्ण नो पार्किंग न मागता सम-विषम मागितलं, सम तारखेला ह्या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला, आणि माल उतरवायला सकाळी नऊच्या आत मोकळीक. अर्जाला रस्त्याचा हातानं काढलेला नकाशा, मापं, वरचं बंबाचं गणित, आणि शाळा सुटायच्या वेळचे फोटो. एकच मजकूर, दोन प्रती, एक मुख्याधिकाऱ्यांना, एक वाहतूक शाखेच्या निरीक्षकांना, दोन्हीत लिहायचं की प्रत दुसऱ्याला दिली आहे. मग मागं लागून दोन्ही खात्यांची एकत्र पाहणी करून घ्यायची. हा सगळ्यात अवघड भाग आहे, कारण एक साहेब मोकळे असतात तेव्हा दुसऱ्यांची मीटिंग असते. आमच्या इथं पाहणीला आलेल्या साहेबांची जीपच गल्लीत अडकली, समोरनं उसाची ट्रॉली, मागं दुधाचा टेंपो, त्याच्यापुढं अर्जात काय लिहिलंय ह्याला अर्थ उरला नाही.

बदल करायच्या आधी बऱ्याचदा पेपरात हरकती आणि सूचना मागवतात, ती छोटी चौकट असते, लग्नाच्या जाहिरातीशेजारी, नजरेतून सुटते. तुम्हाला बदल नको असेल तर हरकत घ्यायची वेळ तीच, नंतर ओरडून उपयोग नाही. हरकत पण लेखी आणि पोच घेऊन.

काम अडलं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत. "आमच्या अर्जाचं काय झालं" असं विचारू नका, "अमुक तारखेच्या आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत द्यावी" असं मागा. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं की पहिलं अपील.

चलान आलं, गाडी उचलली

नो पार्किंगचा दंड पहिल्यांदा ५०० आणि परत सापडलात तर १,५००, हे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे आकडे, महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्याच्या आधी २०० रुपयांत भागायचं तो काळ गेला. टोइंगचा चार्ज वेगळा, आणि त्याची पावती मागायचीच. गाडी उचलताना गणवेशातला पोलीस हजर पाहिजे, नुसती क्रेन आणि टी-शर्टातली पोरं गाडी उचलत असतील तर व्हिडिओ काढा, हुज्जत घालू नका.

ई-चलान महाट्रॅफिकच्या साइटवर किंवा अॅपवर दिसतं, गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकायचे. फोटो उघडून नीट बघा. आमच्या भाडेकरूला दुसऱ्याच जिल्ह्यातलं चलान आलेलं, फोटोत पांढरी अॅक्टिव्हा, त्याची काळी, नंबरातला ८ आणि ३ गडबडलेला. तिथंच तक्रारीचा पर्याय आहे, आरसीचा आणि गाडीचा फोटो जोडून टाका. जिथं नो पार्किंगचा बोर्डच नव्हता किंवा झाडाच्या फांदीमागं लपलेला होता, तिथला लगेच त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, आठ दिवसांनी फांदी छाटलेली असते. चलान जुनं होऊन साठलं असेल तर लोकअदालतीची नोटीस येते, तिथं तडजोड होऊ शकते, पण म्हणून मुद्दाम साठवत बसू नका.

आणि व्हॉट्सअॅपवर "आरटीओ चलान" नावाची एपीके फाइल (मोबाइलमधे अॅप बसवणारी) आली तर उघडायची नाही. चलान कधी एपीकेमधनं येत नाही. आमच्या ओळखीच्या एका रिटायर्ड गुरुजींचं खातं असंच साफ झालं.

जुनी गाडी विकली असेल आणि आरसीवर नाव तुमचंच असेल तर चलान तुम्हालाच येणार. फॉर्म २९, ३० वर सह्या करून दिल्या म्हणजे झालं असं नाही, ट्रान्सफर खरंच झाली का ते महिन्याभरात परिवहनच्या साइटवर बघा.

गाळेवाले आणि नवं बांधकाम करणारे

आता आपल्याच लोकांना जरा टोचेल असं. बाजारपेठेत पार्किंग नाही म्हणून ओरडणाऱ्या बऱ्याच बिल्डिंगांच्या मंजूर नकाशात तळमजल्यावर पार्किंग आहे. प्रत्यक्षात तिथं मोबाइलचं दुकान, झेरॉक्स आणि एक लॅब. मुंबई आणि थोडे अपवाद सोडले तर महाराष्ट्रभर डिसेंबर २०२० पासून युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, लागू आहे, त्यात घराच्या कार्पेट एरियाप्रमाणं किंवा दुकान, दवाखाना, हॉल अशा वापराप्रमाणं किती चारचाकी किती दुचाकी जागा ठेवायच्या त्याचा तक्ता आहे. चारचाकीचा एक खण अडीच बाय पाच मीटर, दुचाकीचा एक बाय दोन. आर्किटेक्ट नकाशावर हे खण इतके सुंदर बसवतात की बघत राहावं, मग प्रत्यक्षात दोन खांबांच्या मधे पाच मीटर आहेत पण वळायला जागा नाही. तर नकाशा मंजुरीला द्यायच्या आधी स्वतःची गाडी मोकळ्या मैदानात नेऊन चुन्यानं खण आखून लावून बघा. मी गंमत करत नाहीये. दार उघडून बायको उतरू शकते का तेपण बघा.

पार्किंगच्या जागेत गाळा काढला तर ते विनापरवाना बांधकाम आणि वापरात बदल, एमआरटीपी, म्हणजे नगररचनेच्या, कायदा १९६६ खाली नोटीस येते, पाडायचा खर्च मालकाचा. शेजाऱ्याची तक्रार झाल्याशिवाय सहसा कोण येत नाही हे खरं, पण शेजारी कधी तक्रार करेल हे त्याच्या गेटसमोर तुमचं गिऱ्हाईक किती वेळा गाडी लावतं ह्यावर आहे. भाड्यानं गाळा देताना करारात दोन ओळी टाका: गिऱ्हाइकांच्या गाड्या कुठं लागतील, आणि पार्किंगमधे माल ठेवायचा नाही. आम्ही नव्हत्या टाकल्या, वर्षभर तेलाचे डबे मोजत बसलो.

फ्लॅटवाल्यांचं

"पार्किंगसकट" घेतलाय असं सगळे म्हणतात, करारात काय लिहिलंय ते बघितलेलं नसतं. सुप्रीम कोर्टानं २०१० ला नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी ह्या केसमधे सांगितलं की स्टिल्ट (खांबांवरच्या बिल्डिंगखालचं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, ती सामायिक जागा. रेरा, म्हणजे बिल्डरांवरच्या नियंत्रणाचा कायदा, आल्यावर उघडं पार्किंग सामायिक क्षेत्रातच धरलंय, आणि गॅरेज म्हणजे काय तर छत आणि तीन बाजूंना भिंती. महारेरानं, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणानं, २०२१ च्या परिपत्रकात सांगितलं की आच्छादित पार्किंगचे पैसे घेता येतील, उघड्याचे नाहीत, आणि २०२४ पासून विक्री करारात पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची, नेमकी जागा हे सगळं जोडावं लागतं. नवीन बुकिंग करत असाल तर हे जोडपत्र वाचल्याशिवाय सही करू नका, उंचीसकट, कारण बीमखाली गाडी जात नाही हे पझेशनच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

जुन्या सोसायटीत आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीचे नमुना नियम, चालतात, ७८ नंबरपासून पुढं पार्किंगचंच आहे. जागा वाटायचा अधिकार सोसायटीला, ज्याच्याकडं गाडी आहे त्याला जागा, साधारण एका सभासदाला एकच. कुणाला नको म्हणून जागा उरली तर दुसरी मिळू शकते पण वर्षावर्षाच्या बोलीवर, आणि एकही जागा न मिळालेला सभासद मागायला आला की सोडायची. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. ह्याच्यावर आमच्या मेहुण्याच्या सोसायटीत तीन एजीएम मोडल्या, कारण चेअरमनच्या दोन गाड्या. शेवटी एका काकूंनी उपविधीचं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, भाऊ, आता तुम्हीच चिठ्ठी उचला.

आणि ती बेवारस गाडी

प्रत्येक गल्लीत एक असतेच. आमच्या इथं मारुती ओम्नी होती, चारी टायर बसलेले, आत मांजरीची पिल्लं, बंपरमधनं पिंपळ उगवलेला. नंबर एमपरिवहन अॅपवर टाकला तर मालकाच्या नावाची अर्धी अक्षरं दिसली, पत्ता दुसऱ्या तालुक्यातला निघाला. पोलीस ठाण्याला आणि नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागाला अर्ज दिला, फोटोंसकट, आणि त्यात एक वाक्य घातलं की गाडीखाली पाणी साठून डास होतायत, म्हणून एक प्रत आरोग्य विभागाला. गंमत म्हणजे सगळ्यात आधी हलला तो आरोग्य विभाग. काचेवर नोटीस चिकटवली, मुदत गेली, स्मरणपत्र दोनदा दिलं, आणि एका सकाळी क्रेन आली. पिल्लं आधीच टपरीवाल्यानं खोक्यात घेतलेली. क्रेननं उचलली तेव्हा खाली आमच्या जुन्या नळाचा मीटर सापडला, जो चोरीला गेला म्हणून मी दंड भरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेलो तर त्या जागेवर बुलेट उभी होती, अंगावर कव्हर, शेजारी चुना मारलेला दगड.